वरून ओतलेला चहा

चहा फार उंचावरून ओतला की थोडा बाहेर सांडतोच. माझ्या टेबलावर तो रोज सांडायला लागला, तेव्हा मी आधी टेबल पुसलं आणि मग कारण शोधायला लागले. बाकी सगळ्यांच्या कपाला किटलीची तोटी टेकवून चहा ओतणारी बाई माझ्या कपापाशी आली की हात वीतभर वर का नेते, एवढाच प्रश्न होता. उत्तर सापडल्यावर जी किळस आली, ती अजून पुरती गेलेली नाही.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. एकीकडे लोखंड ओतणं सुरू झालं होतं आणि दुसरीकडे पाये खणणं संपत नव्हतं. हवेत सिमेंट आणि लाल धूळ कायम असायची. मरोद्याच्या वस्तीपासून पावर हाउसच्या बाजारापर्यंत खोकत नाही असा माणूस शोधावा लागला असता. आमचा दवाखाना पत्र्याच्या छपराचा होता. अर्ध्या भागात डॉक्टर, ड्रेसिंग आणि छातीचा फोटो काढायची खोली. उरलेल्या अर्ध्या भागात ऑफिस, आणि मध्ये प्लायवुडची भिंत. त्या भिंतीतून फक्त माणूस दिसत नसे, ऐकू सगळं येई.

मी खिडकीत बसत असे. ठेकेदारांचे मजूर टोळीटोळीने तपासणीला यायचे. मुकादम शेजारी उभा राहून प्रत्येकाची ओळख पटवायचा, मी कागद तयार करायची आणि माणूस आत फोटोला जायचा. ज्याच्या छातीत टीबी निघे त्याला काम मिळत नसे. त्यामुळे आमच्याकडे एक लबाडी फार चालायची. खिडकीशी माणूस स्वतः येई, मुकादमासमोर कागद घेई, आणि फोटोच्या खोलीत आपल्या धडधाकट भावाला पाठवी. फोटो स्वच्छ निघाला की खोकणारा भाऊ कामावर रुजू. हे उघडकीला आल्यावर दवाखान्याने तोडगा काढला. कागद देतानाच खिडकीपाशी कंपाउंडर माणसाच्या मनगटावर जांभळ्या औषधाचा बोळा फिरवायचा. मनगट जांभळं असेल तरच फोटोच्या खोलीत प्रवेश. तो डाग चांगले काही दिवस टिकायचा. ऑफिसच्या माणसांना मात्र हा डाग लावायचा नाही, असं न बोलता ठरलेलं होतं.

दिवसभर माझ्या तोंडासमोर माणसं खोकायची. त्यांच्या हातातले कागद माझ्या हातात यायचे. म्हणून मी पहिल्या आठवड्यापासून एक नेम केला. सकाळी आल्याबरोबर ड्रेसिंगच्या खोलीतल्या स्टोव्हवर माझा कप उकळून घ्यायचा, फडक्यावर पालथा घालायचा आणि चहापर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवायचा. दवाखान्यात काम करणाऱ्या बाईने एवढं करू नये तर कोणी करावं? पण आमच्या ऑफिसने त्याचा अर्थ वेगळाच लावला. बाई कप उकळतात, बाई कप वेगळा ठेवतात, म्हणजे बाईंनाच काहीतरी आहे.

चहा ओतणारी होती आमची टायपिस्ट. नागपूरकडचीच, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मला वैनी म्हणायची. माझे यजमान दुर्ग लाइनवर गार्ड होते, तिचा भाऊही रेल्वेतच, म्हणून आमचं येणंजाणं होतं. माझ्या डब्यातली भाजी ती हक्काने घ्यायची. चहा सांडायला लागला त्याच सुमाराला तिने भाजी घेणं बंद केलं. म्हणाली, "पोट बरं नाही वैनी, तिखट चालून नाही राह्यलं." समोरच्या बाबूच्या डब्यातलं मिरचीचं लोणचं मात्र चालत होतं.

मी गोष्टी ओळीने मांडल्याशिवाय बोलत नाही. तेव्हा मनातल्या मनात मांडून पाहिलं. टायपिस्टने हात वर नेला. कंपाउंडर माझ्याकडून कागद घेताना कोपरा चिमटीत धरायला लागला. माठावर दोन पेले असायचे, तिथे तिसरा आला आणि तो माझ्या बाजूला ठेवला जाऊ लागला. बडे बाबू माझ्याशी बोलताना तोंडावर रुमाल धरायला लागले. आता या बडे बाबूंचं, म्हणजे आमच्या हेडक्लार्कचं सांगते. हे गृहस्थ दिवसभर जिभेला बोट लावून रुग्णांचे कागद उलटायचे. ज्या कागदांवर लोकांनी खोकलेलं असे, ज्यांच्यावर थुंकीच्या तपासणीचे निकाल लिहिलेले असत, तेच कागद. बोट जिभेला, जिभेवरून कागदाला, कागदावरून पुन्हा जिभेला. मध्येच पान. आणि ह्यांना भीती माझ्या उकळलेल्या कपाची.

माझी नेमणूक हंगामी होती. कायम करण्याची नोट बडे बाबूंच्याच टेबलावरून जाणार होती. टीबीचा नुसता संशय असला तरी कायम करत नसत, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तसे कागद मीच रोज बांधत होते. मुलगी नागपुरात शिकायला ठेवली होती आणि तिचं शिक्षण माझ्या नोकरीवर चाललं होतं. नोकरी गेली तर ती घरी परत आली असती आणि वर्षभरात तिचं लग्न झालं असतं. एवढा सरळ हिशेब होता.

तरी मी लगेच फोटो काढून घेतला नाही. इथेच माझं बिनसलं. आधी वाटलं, ह्यांच्या बडबडीसाठी मी कशाला काढू? मग एका संध्याकाळी घरी फाटक लावताना खोकला आला. धुळीचा असेल म्हणून सोडून दिला. दुसऱ्या दिवशी खिडकीत एक मजूर सांगत होता, संध्याकाळी अंग कसकसतं, रात्री घाम येतो. मी लिहून घेत होते आणि लिहितालिहिता वाटलं, मलाही येतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून घाम कोणाला येत नाही? पण हा विचार नंतर सुचला. आधी भीती आली. चोळी दंडात सैल वाटायला लागली. दवाखान्यातला थर्मामीटर मी पदराखाली घरी आणला आणि मोरीत उभी राहून ताप मोजायला लागले. ताप नसायचा. मग वाटायचं, थर्मामीटर बिघडलेला असेल. झटकून पुन्हा लावायची.

दुसऱ्यांना रांगेत उभं करून, पुढे व्हा, खरा माणूस कोणता, असं ठणकावून विचारणारी मी मोरीत तोंडात काच धरून उभी होते. मला माझीच शिसारी आली. त्या लोकांनी माझ्या कपात काही टाकलं नव्हतं, डोक्यात टाकलं होतं, आणि मी ते मुकाट्याने पीत होते.

यजमानांनी एक दिवस मोरीचं दार ढकललं. थर्मामीटर पाहिला.

"कवापासून चाललं हे?"

मी सगळं सांगितलं. चहा, पेला, रुमाल, लोणचं. ते ऐकत राहिले. गार्डाच्या नोकरीमुळे त्यांना मध्ये न बोलता ऐकायची सवय होती.

"अन् फोटो कावून नाही काढला?"

"निघालं काही तं?"

"निघालं तं औषध घेशील. नाही निघालं तं कामाले लागशील. इथं मोरीत उभं राहून काय होऊन राह्यलं?" मग थर्मामीटर माझ्या हातातून घेऊन म्हणाले, "दवाखान्याचा आहे ना? उद्या वापस ठेव. माया घरी चोरीचा माल नाही पाहिजे."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. फोटो काढणारा माणूस भला होता. रांग लागायच्या आधीच त्याने मला आत घेतलं, फोटो काढला आणि दुपारी डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून सांगितलं की काहीही नाही. डॉक्टर वयस्कर होते, बंगाली, कमी बोलणारे. मी बाहेर आले आणि मूर्खासारखी पहिल्यांदा टायपिस्टलाच सांगितलं. वाटलं, तिच्या तोंडाने पसरलं, तिच्याच तोंडाने मिटेल.

"बरं झालं माय," ती म्हणाली. "मले तं काळजीच लागून राह्यली होती वैनी." डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं तिने.

जेवणाच्या सुटीनंतर मी प्लायवुडच्या अलीकडे कपाटातून कागद काढत होते. पलीकडे तिघं होते. कंपाउंडर भंडाऱ्याकडचा, त्याचा आवाज कुठेही ओळखू येई.

"फोटो साफ आला म्हणे बाईचा," तो म्हणाला.

"हाव. मलेच सांगितलं पहिले," टायपिस्ट म्हणाली. "पण मी काय म्हणते, सकाळी सकाळी कोन होतं पाहाले? डाग तं लावलाच नाही."

"ऑफिसवाल्यायले लावतच नाही ना."

"तेच तं. अन् तिची जाऊ आली आहे नागपूरवरून. पाह्यली नाही का तुम्ही? बांधा सेम टू सेम. पदर घेतला डोक्यावरून तं मी बी फसीन."

कंपाउंडर हसला. "मजूर भाऊ उभा करते, बाईनं जाऊ उभी केली. अन् मजुरायले बाईच आवाज देते, खरा माणूस कोनता, खरा माणूस कोनता."

"देखो भई, हम किसी के बारे में कुछ नहीं कहते," बडे बाबू म्हणाले. तोंडात पान असावं, कारण थोडं थांबून पुढचं बोलले. "मगर नोट पर दस्तखत हमारा होगा. कल को बात निकली तो कौन फँसेगा?"

"तुम्हीच फसाल," टायपिस्ट म्हणाली. "म्हणून तं सांगून राह्यली. मले काय करायचं आहे? वैनी माया घरच्यासारखी आहे."

मी हातातले कागद घेऊन परत खिडकीत आले. रांग उभी होती. काम केलं. पण खरं सांगते, त्या दुपारी जे झालं ते ऐकलेल्या बोलण्यापेक्षा वाईट होतं. जाऊबाई घरात पोळ्या लाटत होती आणि फोटोच्या पाट्यावर छाती टेकवून मी उभी राहिले होते, पाट्याचा गारवा माझ्याच अंगाला लागला होता. तरी मनात आलं, तो फोटो माझाच असेल कशावरून? त्या दिवशीचे फोटो एकात एक मिसळले असतील. डॉक्टरांनी दुसऱ्याच कोणाचा उजेडासमोर धरला असेल. माझ्या स्वतःच्या छातीवर माझा विश्वास राहिला नाही. एक बाई किटली हातात घेऊन रोज थोडं बोलते आणि माणसाची ही गत होते. थुंकीतून पसरणाऱ्या रोगाची आम्ही एवढी काळजी घेत होतो. तोंडातून पसरणारं दुसरं काही त्या ऑफिसात मोकाट फिरत होतं, आणि त्यासाठी कोणाच्याही मनगटावर डाग लागत नव्हता.

घरी सांगितलं तेव्हा जाऊबाई पोटभर हसली. "माया फोटो काढा म्हणा," ती म्हणाली. "मायाच्यात तं दोन माणसं बसतील तुमच्यासारखी." यजमान हसले नाहीत. ते म्हणाले, "डाग पाहिजे त्यायले. तं लावून घे."

मी तेच ठरवलं होतं.

तपासणीची पुढची पाळी बाईमाणसांची होती. विटा आणि बांधकामाचा मसाला वाहणाऱ्या बाया, रेजा म्हणतात त्यांना इकडे. त्या दिवशी खिडकीवर मी दुसऱ्या बाबूला बसवलं आणि बाहेर जाऊन रांगेत उभी राहिले. मधून घुसले नाही, शेवटी उभी राहिले. ऊन चढत होतं. पुढच्या बाईच्या पाठीवर पोर झोपलेलं होतं. तिने मागे वळून मला ओळखलं.

"तहूं आय हस, बाई?" तूही आलीस का, असं तिने सहज विचारलं.

"आले," मी म्हटलं.

तिने मला सावलीसाठी थोडं आत ओढून घेतलं आणि पुन्हा आपल्या मैत्रिणीशी बोलायला लागली. तिला त्यात नवल वाटलं नाही. सगळ्या दवाखान्यात नवल न वाटलेली ती एकटीच.

खिडकीशी पोचले तेव्हा कंपाउंडरच्या हातातला बोळा तसाच राहिला.

"बाई, तुमाले कशाले?"

"सगळ्यायले लावता ना?"

"हाव, पण तुम्ही तं ऑफिसच्या..."

"मग खरा माणूस कोनता ते कसं समजंल?" मी म्हटलं. "नीट लावा. मायी जाऊ घरीच आहे, तिलेही दाखवायचा आहे."

त्याचे कान लाल झाले. प्लायवुड किती पातळ आहे हे त्याला तेव्हा समजलं असावं. त्याने बोळा फिरवला, तोही निम्माच. मी मनगट तिथेच धरून ठेवलं. मग त्याने पूर्ण फिरवला. ते औषध गार असतं आणि त्याला एक गोडसर वास असतो. इतके दिवस दुसऱ्यांच्या मनगटावर ते लागताना पाहिलं होतं. अंगावर लागल्यावर कळलं की आपण माणूस कमी आणि गोणी जास्त झालो असं वाटतं. पुढच्या बाईने मात्र डागावर बांगडी ओढून घेतली आणि पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

फोटो झाला. या वेळी फोटो ओला असतानाच डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी आधी माझं मनगट पाहिलं, मग माझ्याकडे, मग फोटोकडे. काय झालं असावं ते त्यांना समजलं, पण विचारलं नाही. म्हणाले, "आपके फेफड़े मुझसे अच्छे हैं. अब तीसरी बार मत आइएगा, प्लेट कम पड़ती हैं." आणि पुढच्याला हाक मारली.

तिथून मी सरळ बडे बाबूंच्या टेबलापाशी गेले. टायपिस्ट टाइप करत होती, कंपाउंडर औषधाची बाटली घेऊन मागून आलाच होता. मी हात टेबलावर ठेवला, मनगट वर.

"बघून घ्या," मी म्हटलं. "दोन फोटो झाले. डाग लावून झाला. रांगेत सगळ्यांनी पाहिलं. आता माझ्याबद्दल काही विचारायचं राहिलं असेल तर मला विचारा, मी इथेच उभी आहे."

"अरे बाईजी, हमने कब कुछ कहा?" बडे बाबूंनी रुमाल खिशात घातला. "हम तो आपकी तारीफ करते हैं. पूछिए इनसे."

मी कंपाउंडरकडे पाहिलं. "तुम्ही म्हटलं का?"

"मी? मी कावून म्हणीन बाई? मी तं ऐकलं फक्त."

"कोणाकडून ऐकलं?"

त्याने बाटली उजेडात धरून बुचाकडे पाहिलं.

टायपिस्टचं टाइप करणं थांबलं होतं. "वैनी, मायाकडं कावून पाहून राह्यल्या? मले तं काळजी वाटत होती तुमची. काळजीनं माणूस दोन शब्द बोलते. तेही नाही बोलायचं का?"

"बोलायचं," मी म्हटलं. "माझ्याशी."

मी वाट पाहत होते की कुणीतरी एक जण तरी म्हणेल, हो, मी म्हटलं होतं, चूक झाली. मला भांडायचंही नव्हतं. पण त्या खोलीत बोललं सगळ्यांनी होतं आणि म्हटलं कोणीच नव्हतं. खोटं बोलल्याचा मला इतका राग आला नाही. ते इतक्या सहज, इतक्या ओशट गोडव्याने बोलले, त्याची किळस आली. मी म्हटलं, "नोट आजच पाठवा," आणि माझ्या खिडकीत जाऊन बसले. नोट गेली. संध्याकाळी टपालाच्या पेटीत मी ती स्वतः पाहिली.

माझ्या डोक्यातलं लगेच गेलं असं नाही. पुढे कितीतरी दिवस खोकला आला की मी थांबून ऐकायची, हा कसला? पण उत्तर द्यायची सवय लागली. धुळीचा, म्हणायचं, आणि पुढचा कागद घ्यायचा. शंका आपोआप जात नाही, तिला काम सांगून बाजूला बसवावं लागतं.

पावसाळा संपता संपता कायम झाल्याचा हुकूम आला. मुलीला त्याच दिवशी पत्र टाकलं की अभ्यास कर, बाकीची काळजी नको. आमच्या ऑफिसात कायम झालेल्याने पेढे आणायची रीत होती. आणले नाहीत तर त्याचं वेगळं बोलणं झालं असतं, म्हणून मी पावर हाउसच्या बाजारातून पेढे घेतले. खोका घरून उघडा करून नेला. मुद्दाम चिमटा किंवा चमचा नेला नाही. माझ्या हाताने एकेक पेढा उचलून प्रत्येकाच्या हातावर ठेवायचा, असं ठरवून गेले होते. पाहायचंच होतं मला.

सगळ्यांनी खाल्ले. बडे बाबूंनी पान थुंकून तोंड मोकळं केलं आणि दोन घेतले. कंपाउंडरने बोटं चाटली. टायपिस्टने एक खाल्ला, एक भावासाठी कागदात बांधून घेतला आणि म्हणाली, "कुठून आणले वैनी? लई नरम आहेत." काल ज्यांना माझ्या हातचा कागद चालत नव्हता, त्यांना आज माझ्या हातचा पेढा चालत होता. म्हणजे खरी भीती त्यांना कधी वाटलीच नव्हती. भीती असती तर मी समजू शकले असते. भित्र्या माणसाची कीव येते. हे सगळं नुसतं तोंडाला चव म्हणून चाललं होतं. एका बाईची नोकरी, तिच्या मुलीचं शिक्षण, चहाबरोबर तोंडात टाकायला.

टायपिस्टने तोंड पुसलं आणि खुर्ची माझ्याकडे ओढली. आवाज खाली आणला. ड्रेसिंगच्या खोलीत नवी सिस्टर आली होती, केरळकडची, अजून हिंदीही धड येत नव्हती.

"ऐकलं का वैनी, ती नवी सिस्टर? रोज संध्याकाळी गेटापाशी..."

सिस्टर दारातूनच चालली होती. मी खोका उचलला आणि हाक मारली, "सिस्टर, इधर आइए. मिठाई लीजिए. इनको आपसे कुछ पूछना है."

सिस्टर आत आली, हसली, पेढा घेतला आणि टायपिस्टकडे पाहत उभी राहिली. टायपिस्टने टेबलावरचे कागद सरळ केले. मग मशीनमध्ये नवा कागद घातला. मग म्हणाली, "कुछ नहीं, कुछ नहीं."

त्यानंतर ती बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं काम वेळेच्या आधी संपू लागलं.